आठ दिवसांचा ताण

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पान पडलं, ते नेमकं माझ्या बशीत. मी चहा ओतून नुकती बसले होते, समोर पेन्सिल टोस्टला लोणी लावत होती, आणि आमच्या दोघींच्या मधोमध, खिडकीच्या कट्ट्यावर, ते वीतभर झाड उभं होतं. वारा नव्हता, कुणाचा धक्का लागला नव्हता. झाडाने आपलं आपण ठरवून एक पिवळं पान सोडून दिलं. मी बशीवर हात ठेवला, पान मुठीत घेतलं आणि मूठ गाऊनच्या खिशात घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं; मला वाटलं, खिसासुद्धा पिवळा दिसत असेल. पेन्सिलने वर पाहिलं नाही. लोणी टोस्टच्या चारी कोपऱ्यांपर्यंत नीट पसरवत ती म्हणाली, "तुम्हाला अजून एक भाजू का?" मी नको म्हटलं. खरं तर हवा होता. पण त्या घरात आम्ही दोघी एकमेकींना इतक्या जपत होतो की एक जास्तीचा टोस्ट मागणंही मला धिटाईचं वाटायचं.

पेन्सिल ही माझ्या नवऱ्याची मुलगी, वय चौदा. उंच, सडपातळ आणि कायम टोक काढल्यासारखी नीटनेटकी, म्हणून तिच्या बाबांनीच हे नाव ठेवलेलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतो आणि घरी आल्यावर त्याला समोरचा हत्ती दिसत नाही. आमचं लग्न होऊन सात महिने झाले होते. तिची आई दुसऱ्या शहरात असते आणि रोज संध्याकाळी फोन करते. त्या फोनवर पेन्सिल जे भांडते ते ऐकण्यासारखं असतं. "तू ऐकूनच घेत नाहीस! तुला काही म्हणजे काही कळत नाही! ठेव, ठेव फोन!" असं म्हणून स्वतःच अर्धा तास ठेवत नाही. मग फोन ठेवून ती स्वयंपाकघरात येते आणि मला विचारते, "तुम्हाला काही मदत हवीय का?" जणू दुसऱ्याच मुलीला कुणी आत पाठवलंय. आईची जागा रिकामी नव्हती, ती मला नकोही होती. मला काय हवं होतं हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळायचं की ती भांडणारी मुलगी माझ्या वाट्याला येत नव्हती. मला मिळायची ती पाहुणी.

आणि त्या पाहुणीने मला माझ्या वाढदिवशी हे झाड दिलं होतं. दोन्ही हातांनी पुढे धरून म्हणाली, "बोनसाय आहे. फायकस. बिगिनर्ससाठी चांगलं असतं, असं म्हणाले नर्सरीत." बिगिनर्स, म्हणजे नवशिके. मला हसू आलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एकूण किती गोष्टींत नवशिकी होते याची यादी केली असती तर झाड शेवटून दुसरं आलं असतं. त्या आधी मी कधी काही वाढवलं नव्हतं. एकटी राहायचे तेव्हा माझ्या खोलीत जिवंत असं मी आणि विरजण, एवढंच होतं. पण हे झाड हातात आलं आणि मी मनाशी ठरवलं की याला काही होऊ द्यायचं नाही. रोज सकाळी सहाला उठून पेलाभर पाणी, मोजून. एकही दिवस चुकवला नाही. तीन आठवडे ते हिरवंगार होतं आणि चौथ्या आठवड्यात खालची पानं पिवळी व्हायला लागली. आधी एक, मग दोन. हे झाड गेलं तर पेन्सिल काही बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. "असू दे, काही हरकत नाही," म्हणेल. आणि मग जन्मभर आमच्यात काही हरकत नाही असंच चालू राहील. या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळायचं, आणि मग मी झाडाला आणखी थोडं पाणी घालायचे.

त्या दिवशी एका सोळा मजली इमारतीच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत, निघताना कामाच्या शर्टाच्या खिशात टाकलेलं ते पान मी काढून पुन्हा पाहिलं. मी लिफ्ट तपासते. वीस वर्षं झाली. लोक लिफ्टमध्ये शिरतात, आरशात केस नीट करतात, उतरून जातात. ज्या दोरांवर त्यांचा जीव टांगलेला असतो ते त्यांनी कधी पाहिलेले नसतात. मी ते पाहते. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी मला पोलादी दोराला हात लावायला सांगितला होता. "दाब, मागे ओढ आणि सोड. काय वाटलं?" मला काहीच वाटलं नव्हतं. "ताण," ते म्हणाले होते. "सहा दोर असतील तर सहांवर ताण सारखा पाहिजे. एक जरी ढिला राहिला तरी बाकीचे पाच त्याचं ओझं वाहून झिजतात. आपलं सगळं काम म्हणजे ताण." तेव्हापासून हा शब्द माझ्या जिभेवर आहे. दुसरे लोक ऑफिसात ताण आहे म्हणतात तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा येतं, किती किलोचा? तर त्या खोलीत, मोटारीचा आवाज थांबलेला असताना, मी नर्सरीत फोन लावला. पलीकडे एक वयस्क बाई होत्या, आवाज खरखरीत, बोलणं तोडून.

"पिवळी होतायत? खालची का वरची?"

"खालची."

"मऊ का कुरकुरीत?"

मी पान दाबलं. "मऊ."

"मग घाबरू नका. ताण द्या. आठ दिवस चांगला सणसणीत ताण द्या, झाड आपोआप वाटेवर येतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला इतका आनंद झाला की मी त्या खोलीत एकटीच हसले. डॉक्टरकडे जावं आणि त्याने आपल्याच घरात पडलेलं औषध सांगावं तसं ते होतं. ताण! अहो, ताण मला शिकवता? जगात दुसरं काही जमो न जमो, ताण मला देता येतो.

झाडाच्या फांद्यांना वळण देण्यासाठी नर्सरीतूनच तार गुंडाळून आली होती. घरी आल्या आल्या मी ती तपासली, आणि बघते तर काय, डावीकडची तार चक्क ढिली. मग मी ती आवळली. मग उजवी आवळली, मग वाटलं की नुसत्या तारेने भागायचं नाही. नायलॉनचा दोरा आणला, सहा फांद्यांना एकेक फास, खाली कुंडीच्या कडेला चिमटे, आणि ताण मोजायचा माझा लहान स्प्रिंगकाटा लावून सहाही दोऱ्यांवर सारखा ताण येईल असं बसवलं. दीडशे ग्रॅम, ना कमी ना जास्त. झाड तंबूसारखं दिसायला लागलं. चष्मेवाला रात्री जेवताना त्याच्याकडे पाहून म्हणाला, "आज झाड छान दिसतंय," आणि पुन्हा जेवायला लागला. पेन्सिलने मात्र बराच वेळ पाहिलं. तिच्या ओठांच्या कडा थोड्या हलल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग ती म्हणाली, "छान बांधलंय तुम्ही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधून ठेवलेल्या जिवाकडे बघून मला वाईट वाटलं. ताणाखाली असलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा काय देतो? पाणी. मी एकाऐवजी दीड पेला घातलं.

पानं पडतच राहिली. आता रोज तीन, चार. सकाळी उठून मी पहिल्यांदा कट्ट्यावरची पानं वेचायचे, पेन्सिल उठायच्या आत. आश्चर्य म्हणजे काही दिवशी झाडावरची पिवळी पानं संध्याकाळपर्यंत आपोआप कमी झालेली असायची आणि कट्टाही स्वच्छ असायचा. मला वाटायचं, वाऱ्याने उडाली. खिडकी बंद असायची ही गोष्ट वेगळी. माणसाला जे मानायचं असतं ते मानायला वारा पुरतो.

मग शनिवारी तिच्या शाळेचा कोट धुवायला टाकताना खिसे उलटे केले, तर त्यातून पिवळी पानं पडली. अकरा. मी वॉशिंग मशीनसमोर जमिनीवरच बसले. म्हणजे हिला माहीत आहे. ही पुरावा गोळा करतेय. रोज संध्याकाळच्या फोनवर आईला सांगत असेल, आज दोन, आज चार. आणि हे मनात येता येता मला एकदम काकूंचं घर आठवलं, ज्याचा मी कितीतरी वर्षांत विचार केला नव्हता. मी नऊ वर्षांची असताना आई आजारी होती आणि मला दोन वर्षं काकांकडे ठेवलं होतं. काकू फार चांगल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांना त्या दिवसातून दहा वेळा गाढवा, माकडा म्हणायच्या, पाठीत धपाटा घालायच्या, आणि माझ्याकडे वळल्या की आवाज मऊ व्हायचा. "बाळ, तुला आवडलं नाही तर राहू दे हं." वरच्या फळीवर बिस्किटांचा डबा असायचा. चुलतभाऊ स्टुलावर चढून चोरायचे, पकडले जायचे, मार खायचे, आणि तोंडात बिस्किट असतानाच रडायचे. मला डब्यातून कधीही घे म्हणून सांगितलेलं होतं. दोन वर्षांत मी एकदाही हात लावला नाही. एकदा मी मुद्दाम दुधाचा पेला सांडला. मला हवं होतं की काकूंनी ओरडावं. काकू म्हणाल्या, "असू दे हं, काही हरकत नाही," आणि पुसून घेतलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. त्या मायेत खोटं काही नव्हतं, पण त्या घरात पाय पसरून बसावं असं मला कधी वाटलं नाही. मशीनसमोर बसून मी ती अकरा पानं मोजत होते आणि मला कळत होतं की सात महिने मी या मुलीशी त्याच मऊ आवाजात बोलतेय.

मी उठले, झाड पिशवीत घातलं. दाराशी पोचते तोच पेन्सिल आपल्या खोलीतून बाहेर आली.

"कुठे नेताय त्याला?"

"डॉक्टरकडे," मी म्हटलं. खोटं सुचलं नाही.

तिने पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मीपण येऊ?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चपला घातल्या. बसमध्ये झाड तिच्या मांडीवर होतं. दोरे तसेच होते. समोरच्या बाकावरचा एक माणूस आळीपाळीने झाडाकडे आणि आमच्याकडे बघत राहिला. आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहत होतो, कोर्टात निघालेल्या दोन आरोपींसारख्या. फक्त दोघींनाही वाटत होतं की आरोपी आपण एकट्याच.

नर्सरीवाल्या बाई फोनवरच्या आवाजाहून बुटक्या निघाल्या. त्यांनी झाड टेबलावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दोऱ्यांभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"हे काय आहे?"

"ताण," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितला होतात. प्रत्येक दोऱ्यावर दीडशे ग्रॅम आहे. हवं तर मोजून बघा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि मग त्या अशा हसल्या की आतून एक माणूस हातात खुरपं घेऊन काय झालं ते बघायला आला. "अहो बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "झाडाला ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं! पाणी बंद! आमच्यात ताण म्हणजे तहान. तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट तपासते."

"तरीच!" असं म्हणून त्या पुन्हा हसल्या. माझे कान तापले होते. शेजारून एक बारीक आवाज आला. पेन्सिल ओठ आवळून हसू दाबत होती आणि ते तिच्या नाकातून निघत होतं. बाईंनी कात्रीने दोरे कापले, झाडाच्या बुडाशी दोन बोटं घातली आणि त्यांचा चेहरा बदलला. वरची माती तेवढी खिडकीतल्या उन्हाने कोरडी दिसत होती. मी रोज तीच बघत होते. त्यांनी कुंडी उलटी करून झाड अलगद बाहेर काढलं. खाली नुसता रबरबाट. तळाच्या भोकांत मुळं आणि माती बसून ती बुजली होती, आणि जो वास आला तो तुंबलेल्या मोरीचा होता. अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे अति तिथे चिखल झाला होता.

"रोज पाणी कोण घालतं याला?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"मी," पेन्सिल म्हणाली.

दोघींचं उत्तर एकदमच आलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "तू कधी?" मी विचारलं. शाळेतून आल्यावर, ती म्हणाली. साडेतीनला, दोन पेले. पानं पिवळी दिसली म्हणून. तिला वाटलं होतं, झाडच रोगट आणलं आपण. एवढ्या झाडांतून आपण नेमकं मरतुकडं उचललं आणि वाढदिवसाला दिलं, आणि मी ते बोलून दाखवत नाहीये. म्हणून पानं दिसली की ती खिशात टाकत होती. हे सगळं तिने बाईंना सांगितलं, माझ्याकडे न बघता, आणि सांगता सांगता तिचा आवाज चिरकला. मग मीही बाईंनाच सांगितलं की मी रोज सकाळी काय करत होते. बाई मधे उभ्या, हातात उघडं झाड, दोन्ही बाजूंचं ऐकत. इतके दिवस आम्ही दोघी त्या बिचाऱ्याला अक्षरशः पाण्यात पाहत होतो, तेही प्रेमापोटी.

"झाडं उपासाने फारशी मरत नाहीत," बाई म्हणाल्या. "पाहुणचाराने मरतात." त्या झाडाबद्दलच बोलत होत्या, पण मला ते लागलं, अगदी जिव्हारी लागलं. त्यांनी काळी, मऊ पडलेली मुळं कापून टाकली. पांढरी मुळंही निघाली, निम्म्याहून जास्त. भरड, खडेदार माती घातली आणि पेन्सिलचं बोट धरून मातीत खुपसलं. "दुसऱ्या पेरापर्यंत. तिथे ओल लागली तर पाण्याचं नाव काढायचं नाही. मुळं कापलीत, म्हणून आत्ता एकदा मी घालते. आता आठ दिवस ताण. आणि हा ताण," माझ्याकडे वळून, "काट्यावर मोजायचा नाही."

घरी आल्यावर चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मग म्हणाला, "म्हणजे मीपण घालायचं नाही का?" आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो. गोळी घेतल्यावर पेल्यात उरलेलं पाणी तो रोज झाडात ओतत होता. वाया कशाला घालवायचं, म्हणून. पेन्सिल खुर्चीत मागे कोसळली आणि हसत सुटली, पोट धरून, पाय आपटत, आणि मी तिच्याकडे बघत राहिले. हे हसू मी आजवर दाराआडून, फोनवर ऐकलं होतं.

पण मला वाटलं होतं तसं दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं नाही. पुन्हा "तुम्हाला चहा ठेवू का", पुन्हा नीट घडी केलेला टॉवेल. शाळेतून आली की ती रोज मातीत बोट घालायची आणि गंभीरपणे सांगायची, "ओल आहे." मी मान डोलवायचे. काही न करणं इतकं अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. लिफ्टमध्ये बिघाड असला की काहीतरी आवळता येतं, बदलता येतं. इथे नुसतं बघायचं. तिसऱ्या दिवशी एक पान पडलं, चौथ्या दिवशी दोन, आणि मी हात पाठीमागे बांधून उभी. मुलीशी बोलतानाही मी तोच प्रयत्न करत होते. दर दोन मिनिटांनी काही हवं का, काही नको का, असं विचारणं बंद केलं. तिने एका संध्याकाळी भाजी ताटात टाकली, मी "राहू दे" म्हटलं नाही. "संपव" म्हणायचंही धाडस झालं नाही. मधल्या मधे गप्प बसले. घर विचित्र शांत झालं आणि मला भीती वाटली की माझ्या या गप्प बसण्याचा ती भलताच अर्थ लावेल.

सहाव्या दिवशी मी दुपारीच घरी आले. बाहेर ऊन रणरणत होतं. फरशी पुसून काढली, चहा केला आणि खिडकीशी बसले, तर झाडाची वरची पानं मान टाकल्यासारखी दिसली. दिसली, की मला तशी वाटली, देव जाणे. मी बराच वेळ स्वतःशी वाद घातला. बाई म्हणाल्या होत्या आठ दिवस. पण बाईंनी हे ऊन पाहिलं नव्हतं. शेवटी चमचा घेतला. एक चमचा, मग एक बाजू कोरडी राहिली म्हणून दुसरा, आणि मग सगळीकडे सारखं व्हावं म्हणून आणखी चार. चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

साडेतीनला कुलूप वाजलं. पेन्सिल आत आली, दप्तर पाठीवरच, बूट पायातच, आणि थेट खिडकीशी जाऊन मातीत बोट घातलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बोट बाहेर काढून तिने उजेडाकडे धरलं आणि वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू पाणी घातलंस?"

मी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. मला खरंच वाटलं की ती आईशी फोनवर बोलतेय. दोन्ही हात रिकामे होते.

"तुला विचारतेय मी! घातलंस ना?"

"चमचाभर," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस! काल वरून कोरडं होतं, आज दुसऱ्या पेरापर्यंत ओलं आहे!"

"सहा चमचे."

"सहा? आठ दिवस म्हणजे आठ दिवस, एवढं साधं तुला कळत नाही? मी रोज मरमर बघतेय, आणि तू... तुला जरा म्हणून दम धरवत नाही! हे माझंपण झाड आहे! आणि हसतेस काय?"

मला हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरून आले होते, आणि या दोन्हीचं काय करावं ते मला समजत नव्हतं. नऊ वर्षांची असल्यापासून मी कुणीतरी असं ओरडेल याची वाट पाहत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. "सॉरी" ओठांवर आलं होतं, मऊ आवाजातलं, नेहमीचं. ते मी गिळलं. तिच्या पायांकडे पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंत मातीचे ठसे उमटले होते.

"आणि तू बूट काढ आधी!" मी ओरडले, इतक्या मोठ्याने की मीच दचकले. "आत्ता पुसलीय फरशी! डोळे कुठे असतात तुझे?"

तिने खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"काढते गं!" ती ओरडली, आणि न काढताच पाय आपटत आपल्या खोलीत गेली.